कादंबरीतले पाणी कोण भरते?

मी टीकाकार नव्हे. मॅट्रिकच्या, आजच्या भाषेत दहावीच्या, पुढे माझे शिक्षण गेले नाही. एका लहान खासगी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा या लेखात साहित्यशास्त्राची परिभाषा कोणी शोधू नये. माझ्याजवळ एकच प्रश्न आहे, आणि तोही माझा नाही. तो माझ्या पत्नीचा आहे.

मुंबईत असताना मी एक कादंबरी लिहिली होती. तिचा नायक मुंबईला विटतो. दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार, प्रत्येक करारास वाढीव भाडे, नव्या जागेसाठी अनामत, वर दलालाचे एक महिन्याचे भाडे. या चरकातून पिळून निघालेला तो गृहस्थ अखेर बिऱ्हाड आवरतो आणि गावी परततो. एस. टी. तून उतरतो, पहिला पाऊस पडून गेलेला असतो, मातीचा वास येतो, आणि कादंबरी संपते. वाचकांची पत्रे आली. त्यांतले बहुतेक पत्रलेखक मुंबई-पुण्याचेच होते. शेवटचे पान वाचून आपले डोळे भरून आले असे त्यांनी लिहिले होते. मलाही ते पान लिहिताना तसेच झाले होते.

पुढे २०१८ च्या जूनमध्ये आम्ही खरोखरीच मुंबई सोडली आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी आलो. पाऊस पडत होता. मातीचा वासही आला. पण कादंबरी काही तिथे संपली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आळीतली विहीर तळाला गेली. ज्या कोकणात पावसाळ्यात चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथेच मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात शिकलो होतो. अंगाने शिकलो नव्हतो. एके दुपारी सौ. दोन कळशा ओट्यावर टेकवून आत आली. मी टेबलापाशी बसून माझ्याच कादंबरीची दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते तपासत होतो. तिने पदराने तोंड पुसले, शेवटचे पान उचलून वाचले आणि शांतपणे विचारले, "अहो, तुमच्या या कादंबरीत पाणी कोण भरतं हो?"

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. माझ्या नायकाला बायको होती, ती दोन ठिकाणी हसत होती आणि एके ठिकाणी रडत होती. पण तीनशे पानांत तिने एक कळशीही उचलली नव्हती. गावी परतण्याचा निर्णय नायकाने एकट्याने खिडकीशी उभे राहून घेतला होता. खरे सांगायचे तर, आमच्या घरातही तो निर्णय असाच झाला होता. सौ.ची मुंबईतली नोकरी सुटली. ती काय म्हणते हे मी विचारले होते. पण सामान बांधायला दोऱ्या आणल्यानंतर विचारले होते.

त्या दिवसापासून गावाकडे जाण्याची कोणतीही कथा हाती आली की मी हा प्रश्न तिला लावून पाहतो. एवढ्या साध्या प्रश्नाने चांगली पुस्तके आणि नुसती गोड पुस्तके वेगळी पडतात, असा माझा अनुभव आहे.

आरंभ परदेशी पुस्तकापासून करतो. कारण शहर सोडून साधेपणाने राहू इच्छिणाऱ्यांचे ते जणू आदिपुस्तकच आहे. थोरोचे 'वॉल्डन' १८५४ साली निघाले. दुर्गाबाई भागवतांनी ते मराठीत आणले आहे. थोरो १८४५ च्या ४ जुलैला तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षे, दोन महिने राहिला. या पुस्तकात मला सर्वांत भावला तो त्याचा हिशेब. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हे तो फळ्या, विटा, खिळे यांच्या वेगवेगळ्या रकमा मांडून सांगतो. आमच्या कादंबऱ्यांत निसर्ग रगड असतो, पण खिळ्यांचा भाव नसतो. पण याच हिशेबात, खर्च मांडताना, तो जाता जाता सांगतो की धुणे आणि कपड्यांची डागडुजी बहुतांशी बाहेरच होई आणि त्याची बिले अजून आलेली नाहीत! हे वाक्य मी सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कशी येतील? धुणाऱ्या बायका बिलं पाठवत नाहीत." थोरोच्या प्रामाणिकपणाबद्दल माझा आदर त्याने कमी झाला नाही. त्याने निदान ती ओळ वहीत ठेवली. मी तर ओळच गाळली होती.

आता आपल्याकडे वळू. १९५५ हे साल या दृष्टीने मोठे लक्षणीय आहे. त्या एका वर्षात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' अशा दोन कादंबऱ्या आल्या. पहिलीत एक तरुण मास्तर बाहेरून धनगरांच्या वाडीत येतो; दुसरीत गावातली माणसे एकामागून एक बाहेर जातात आणि अंबूवहिनी मागे राहून ते पाहते.

'बनगरवाडी'चा मास्तर मला माझ्या धंद्यामुळे जवळचा वाटतो. तो वाडीला सुधारायला निघतो, लोकांच्या श्रमाने तालीम उभारतो, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडीच उठते. माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत. शेकूचा बैल कमी पडतो तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देते. हा प्रसंग ते असा सांगतात की वाचणाऱ्याला टाळीही वाजवता येत नाही आणि हळहळही दाखवता येत नाही. आमच्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: मास्तराची बदली होऊ शकते. वाडीतल्या माणसांची बदली होत नाही. जो जाऊ शकतो त्याला गाव पाहण्याची एक मोकळीक असते. शहरातून आलेल्या आम्हा सगळ्यांच्या खिशात ते न वापरलेले परतीचे तिकीट असते आणि गावकऱ्यांना ते दिसत असते.

'पडघवली'त घर सांभाळणारी बाईच बोलते, म्हणून तिथे माझा प्रश्न विचारावाच लागत नाही. मात्र दांडेकरांचे गाववेड त्यांना अधूनमधून ओढून नेते. जाणारे सारे करंटे आणि राहणारे सारे निष्ठावंत, अशी वाटणी होऊ लागते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकणातली कितीतरी घरे शाकारली गेली, पोरांची फी भरली गेली. जाणाऱ्याचीही बाजू होती.

ती बाजू पाहायची तर श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' वाचावी. १९६२ ची ही कादंबरी. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एक बाई मुलांच्या शिक्षणासाठी घर आणि गाव सोडते, इतकेच तिचे सूत्र. तिच्या लेखी गाव म्हणजे मातीचा वास नव्हे. गाव म्हणजे जाच. आपण पुरुष ज्या घराकडे परतण्याची स्वप्ने रंगवतो, त्याच घरातून कुणी बाई जिवाच्या आकांताने बाहेर पडलेली असते, हे ही कादंबरी न बोलता सांगते.

आणि पाणी भरण्याच्या प्रश्नाला आणखी एक धार आहे: पाणी कोणाला भरू देतात? १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो याच एका कारणाने. १९४८ च्या ४ नोव्हेंबरला संविधान सभेत त्यांनी खेड्यांच्या गौरवगानावर कठोर टीका केली, ती ऐकून अनेकांना राग आला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि तो राग किती पोकळ होता ते कळले. मुंबईतला कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा यांच्यामध्ये येरझारा घालणारे ते पुस्तक आहे. कावाखान्यात सुख नाही. पण गावाकडे जी पायरी जन्मापासून नेमून दिलेली, तिच्यापुढे शहराची घाणही काही वेळा मोकळी वाटते. माझ्या कादंबरीतला नायक गावात उतरला तेव्हा त्याला सगळ्यांनी ओसरीवर बोलावले. त्याचे आडनाव काय, हे मी त्या प्रसंगात मुद्दाम लिहिले नव्हते. मुद्दाम म्हणजे मलाही नकळत. आता कळते.

गावी परतण्याबद्दलची सर्वांत निर्भय कादंबरी कोणती, असे विचाराल तर मी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' हे नाव घेईन. १९६३ सालचे हे पुस्तक आम्ही तरुणपणी पुण्याच्या कॉलेजजीवनाची गंमत म्हणून वाचले. पस्तिशीनंतर वाचले तेव्हा शेवटचा भाग खरा लागला. पांडुरंग सांगवीकर हरून गावी येतो आणि गाव त्याला पोटाशी धरत नाही. तेही त्याच्याइतकेच रिकामे असते. परतणे हे उत्तर नसून आणखी एक प्रश्न आहे, हे इतक्या कोरड्या विनोदाने मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले माझ्या वाचनात नाही. तथापि तक्रार एवढीच की पांडुरंग एकटा आहे. त्याच्या मागे बिऱ्हाड नाही, शाळेत घालायची मुलगी नाही.

आणि नेमके हेच बिऱ्हाड आमच्या साहित्यातून गहाळ आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले कितीतरी पुढे कायमचे गावी गेले. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने गिरणगावातल्या चाळीत मागे उरलेले घर उभे केले आणि फार समर्थपणे केले. पण जे ट्रंका घेऊन घाटावर आणि कोकणात उतरले, त्यांच्या पहिल्या बारा महिन्यांचे काय? २०२० च्या मार्चनंतर टाळेबंदीत पुन्हा तोच लोंढा आला. आमच्याकडच्या शाळांच्या खोल्यांत मुंबईहून आलेल्यांना चौदा चौदा दिवस ठेवले होते. मी त्यांना डबे पोहोचवायला जात असे. फळ्यावर आदल्या वर्गाची बेरीज तशीच होती आणि खाली सतरंजीवर माणसे बसलेली. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, गाव माझाच ना हो?" हे वाक्य कुठल्या कादंबरीत यायला हवे होते. मला तरी ते अजून सापडलेले नाही.

इतके लिहिल्यावर वाचक विचारतील, मग गावी आल्याचा तुम्हांला पश्चात्ताप होतो काय? नाही. इथे भाड्याची धास्ती नाही, संध्याकाळ हाती लागते, शाळेतली मुले रस्त्यात भेटली तर हाक मारतात. पण या सुखाची किंमत कोणी मोजली, हा तपशील आहे. मुंबईत पहिल्या तारखेला घरमालक भाडे मागे; इथे ते भाडे माझी पत्नी रोज थोडे थोडे भरते आणि त्याची पावती मिळत नाही. गावाविषयी लिहिणाऱ्याने निदान ती पावती लिहावी, एवढीच माझी मागणी. गावाची निंदा करावी असे मी म्हणत नाही, आणि मातीच्या वासाशी माझे वैर नाही. तो वास खरा आहे. फक्त तो शेवटच्या पानावर न टाकता पहिल्या पानावर टाकावा, आणि मग पुढचे लिहावे.

मुद्रिते मी त्या वर्षी परत पाठवून दिली. दुसरी आवृत्ती काढू नये असे कळवले. आता तीच कथा एस. टी. च्या थांब्यापासून पुढे लिहितो आहे. निम्मी झाली आहे. लिहिलेली पाने रात्री सौ. वाचते आणि समासात पेन्सिलीने खुणा करते. परवा एका पानावर तिने लिहिले होते, "विहीर इतकी जवळ नसते."

मी विहीर दूर नेली. पहाटेच्या दोन खेपाही आता माझ्याकडे आहेत. नरकचतुर्दशीला बंब मी भरणार आहे, असे तिला आताच सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "बघू."