लष्कर येतं तेव्हा तूट कुठे जाते?

आमची आत्या आंबिवलीला राहते. कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने निघालात की शहाडच्या पुढचं स्टेशन. तिथल्या पादचारी पुलाला ती अजून 'मिलिटरीचा पूल' म्हणते. "रेल्वेने किती वर्षं घालवली असती देव जाणे, यांनी चार महिन्यांत उभा केला बघ." गेल्या महिन्यात हे पुन्हा ऐकलं आणि ठरवलं, आता यावर लिहायचंच. आत्याचं म्हणणं खरं आहे. पण त्यातून आपण सगळे जो निष्कर्ष काढतो, तो मला पटत नाही.

नवीन वाचकांसाठी: मी संख्याशास्त्रात पीएचडी करतेय, विषय रांगांचं गणित. म्हणजे माणसं कमी पडली की रांग किती वाढते, आणि राखीव माणसं किती ठेवावीत. डोंबिवलीहून कलिनाला रोज जाणाऱ्या माणसाला या विषयाची प्रात्यक्षिकं फुकट मिळतात!

आधी पुलाची गोष्ट थोडक्यात. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. महिन्याभरात, ३१ ऑक्टोबरला सरकारने जाहीर केलं की एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथले तीन पूल लष्कर बांधेल. बॉम्बे सॅपर्सच्या जवानांनी ते बांधले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. तेव्हा पंजाबचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग, जे स्वतः माजी लष्करी अधिकारी, त्यांनी आक्षेप घेतला की लष्कराचं काम युद्धाची तयारी करण्याचं आहे, नागरी कामांना ते जुंपू नका. सरकारचं उत्तर होतं की निकड तशीच होती. बहुतेकांनी, माझ्या आत्यानेही, सरकारची बाजू घेतली. दोन्ही बाजूंच्या या भांडणात एक साधा प्रश्न मात्र राहून गेला: कमी नेमकं काय पडलं होतं?

हा प्रश्न विचारला की काय हाती लागतं, हे बघायला लंडनला जाऊ. तिथेही लष्कराला बोलवावं लागलं होतं, पुलासाठी नव्हे तर ऑलिंपिकच्या सुरक्षेसाठी. फरक असा की तिथली सगळी आकडेवारी नंतर संसदेच्या समितीसमोर आली.

२०१२ च्या ऑलिंपिकला स्टेडियम आणि इतर ठिकाणी तपासणीसाठी किती रक्षक लागतील? आयोजकांचा सुरुवातीचा अंदाज १०,००० चा होता. डिसेंबर २०११ पर्यंत तो २३,७०० वर गेला. जी४एस या कंपनीचं मूळ कंत्राट २,००० रक्षकांचं होतं, ते वाढवून १०,४०० करण्यात आलं. स्पर्धेला तेव्हा जेमतेम सात-आठ महिने उरले होते. पुढे सगळं ठीक आहे असंच कंपनी सांगत राहिली. २७ जुलैला उद्घाटन, आणि ११ जुलैला कळलं की माणसं पुरणार नाहीत. मग ३,५०० सैनिक बोलावले. काही दिवसांनी आणखी १,२०० आले. आधीपासून नेमलेले धरून एकूण १८,२०० सैनिक ऑलिंपिकच्या कामाला लागले. कित्येकांच्या सुट्ट्या गेल्या. १७ जुलैला संसदीय समितीसमोर कंपनीच्या प्रमुखांना मान्य करावं लागलं की नाचक्की झाली.

तेव्हाही आणि नंतरही बऱ्याच ठिकाणी एकच स्पष्टीकरण वाचायला मिळालं: "तात्पुरत्या कामाची माणसं, आयत्या वेळी येत नाहीत." इथे जरा थांबा. हे स्पष्टीकरण गणितात टिकतं का ते तपासू.

समजा, नेमलेला प्रत्येक माणूस कामावर येण्याची शक्यता ९० टक्के आहे, आणि प्रत्येकजण आपापलं ठरवतो, दुसऱ्याचं बघून नाही. तुम्हाला १०,४०० जण हवेत, म्हणून तुम्ही ११,७०० नेमले. सरासरी येतील १०,५३०. आता नशिबाने यात चढउतार किती होईल? संख्याशास्त्रातल्या साध्या सूत्राने हा आकडा येतो सुमारे ३२. म्हणजे बहुतेक वेळा हजेरी १०,४७० ते १०,५९० च्या आसपास राहील. माणसं जितकी जास्त, तितकं त्यांचं एकत्रित वागणं अंदाजाला सोपं. एक माणूस उद्या येईल का हे सांगता येत नाही, पण बारा हजारांतले किती येतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. विमा कंपन्या याच्यावरच जगतात.

अशा हिशोबात काही हजारांची तूट नशिबाने येणं जवळजवळ अशक्य. तूट तेवढी मोठी असेल तर माझं 'प्रत्येकजण आपापलं' हे गृहीतकच चुकलेलं असतं. सगळ्यांची अडचण एकाच ठिकाणी असते. लंडनमध्ये तेच झालं. मुलाखत झालेली, प्रशिक्षण झालेली कितीतरी माणसं घरी बसून होती, कारण त्यांना ड्युटी कधी आणि कुठे हेच कोणी कळवलं नव्हतं. ड्युटी लावणारी यंत्रणा एकच होती आणि तीच गडबडली. 'माणसं आली नाहीत' आणि 'माणसांना बोलावलंच नाही' या दोन वाक्यांत दोष कुणाच्या पदरात पडतो ते बघा. पहिल्यात तो ताशी पगारावरच्या पोरांच्या पदरात पडतो.

आता तोच चष्मा लावून परत आपल्या पुलाकडे या. एल्फिन्स्टनचा नवा, रुंद पूल आधीच मंजूर होता. दुर्घटना झाली तेव्हा निविदा प्रक्रियाच चालू होती. मग कमी काय होतं? इंजिनीअर नव्हते? रेल्वेकडे पुलांचं अख्खं खातं आहे. पोलाद नव्हतं? तेही होतं. तूट होती ती मंजुरीपासून कामाच्या आदेशापर्यंतच्या वेळेची. लष्कराने ती तूट भरली नाही, फक्त ओलांडली. पूल झाला, फाइलींचा वेग होता तोच राहिला. म्हणूनच आत्याचा निष्कर्ष, 'सगळी कामं मिलिटरीलाच द्यावीत', मला धोक्याचा वाटतो. त्यामुळे मूळ दुखणं कुणी शोधतच नाही.

याला तुम्ही म्हणाल, "अगं पण माणसं मेली होती. तेव्हा फाइलींचा अभ्यास करायचा का?" बरोबर. मी लष्कराला बोलावण्याच्या विरोधात नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, तेव्हाही लष्कराने काही दिवसांत पर्यायी पूल उभा केला. संकटात राखीव दल वापरायचं नाही तर कधी? माझी तक्रार राखीव दल वापरण्याबद्दल नाही. ते फुकट आहे असं समजण्याबद्दल आहे.

राखीव म्हणजे काय, हे माझ्या विषयातल्या एका छोट्या हिशोबाने सांगते. तपासणीच्या एका गेटवर एक रक्षक आहे आणि लोक कसेही, कधीही येतायत. रक्षक ८० टक्के वेळ कामात असेल तर तिथे सरासरी ४ माणसं असतात. ९० टक्के असेल तर ९. आणि ९५ टक्के असेल तर १९! काम थोडंसंच वाढलं, रांग जवळजवळ पाचपट झाली. म्हणजे तो रक्षक जो २० टक्के वेळ 'रिकामा' दिसतो, तो खरं तर तुमची रांग चारवर ठेवण्याचं काम करत असतो. खर्च कमी करणाऱ्याला मात्र तो फक्त रिकामा दिसतो. म्हणून पहिली कात्री तिथेच लागते.

कंत्राटदार आपली राखीव माणसं कापतो, कारण मागे सरकार आहे. सरकार आपली कापतं, कारण मागे लष्कर आहे. ब्रिटनने तर ५ जुलै २०१२ ला, म्हणजे तूट जाहीर होण्याच्या सहाच दिवस आधी, आपलं नियमित सैन्य १,०२,००० वरून ८२,००० वर आणायची योजना मांडली होती. ज्या राखीव दलावर आठवड्याभरात सगळी भिस्त येणार होती, तेच जास्तीचं ठरलं होतं.

आणि या साखळीच्या तळाशी कोण असतं? माझा शाळेतला एक मित्र कॉलेजात असताना एका मोठ्या सामन्याला गेटवर उभा राहिला होता. एका एजन्सीने दुपारी जॅकेट दिलं, गेट दाखवलं आणि सांगितलं, "बॅगा बघायच्या." बस, एवढंच. खाजगी सुरक्षेच्या कायद्याखाली २००६ मध्ये आलेल्या केंद्रीय नमुना नियमांत नव्या रक्षकासाठी किमान १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. याला १६० मिनिटंही मिळाली नाहीत. संध्याकाळी गर्दी वाढली तेव्हा शिव्या त्यानेच खाल्ल्या. त्या गेटवर काही झालं असतं तर 'रक्षक कमी पडले' असं छापून आलं असतं. त्याला काहीच शिकवलं नव्हतं, हे कुणी छापलं नसतं.

तूट लपवायला लष्करच लागतं असंही नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिस दलात कमी पडणारं मनुष्यबळ भरायला महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जण कंत्राटी पद्धतीने घ्यायला राज्य सरकारने मान्यता दिली. नवी भरती तयार होईपर्यंतची सोय, असं कारण दिलं गेलं. असेलही. पण ही सोय उधारीची आहे, आणि उधारी लिहून ठेवायची असते.

तूट आधी कबूल केल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. २००९ ची आयपीएल आठवा. लोकसभा निवडणूक आणि स्पर्धा एकाच वेळी. केंद्राने सांगितलं की निमलष्करी दलं निवडणुकीत गुंतलीत, आणि राज्यांनीही अडचणी कळवल्या. शेवटी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेला गेली. तेव्हा टीका खूप झाली, मीही शाळकरी वयात सरकारवर चिडले होते. आज वाटतं, ते उत्तर प्रामाणिक होतं. 'आमच्याकडे एवढी माणसं नाहीत' हे मार्चमध्येच, सामने सुरू व्हायच्या आधी सांगितलं गेलं. लंडनला तेच सांगायला सोळा दिवस उरेपर्यंत वेळ लागला.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. यापुढे कुठेही, पुलावर, स्टेडियमवर किंवा मिरवणुकीत, लष्कर किंवा उसनी माणसं बोलावली की त्याच दिवशी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात. किती कमी पडले, ते कधी कळलं, आणि पुढच्या वेळेपर्यंत ते कोण भरणार. जवानांचं कौतुक जरूर करा, पण त्या कौतुकाखाली हे तीन आकडे गाडू नका.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या पुलाचं काय, वाईट का?" नाही गं आत्या, पूल चांगलाच आहे. फक्त पुढचा पूल बांधायला पुन्हा कुणाचा जीव जायची वाट बघावी लागू नये, एवढंच म्हणणं आहे.