ऱ्हासाची तारीख : ‘द सिम्पसन्स’ आणि प्रेक्षकाची स्मृती

१

उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास या तीन अवस्था साहित्येतिहासाने सजीवांच्या जीवनक्रमावरून उसन्या घेतल्या आहेत. एखादा वाङ्मयप्रकार वार्धक्याला पोचला, एखाद्या लेखकाची प्रतिभा ओसरली, एखादी परंपरा निस्तेज झाली, अशी विधाने समीक्षेत सहजपणे केली जातात. परंतु काय घटले, कोणाच्या अनुभवात घटले आणि केव्हा घटले हे तीन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत याची दखल क्वचितच घेतली जाते. त्यांतला तिसरा, म्हणजे तारखेचा प्रश्न तर बहुधा गौणच मानला जातो. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन सचेतन विनोदी मालिकेच्या चाहत्यांमध्ये दीर्घकाळ चालत आलेल्या वादात मात्र हाच गौण प्रश्न केंद्रस्थानी आहे. मालिका घसरली याविषयी तेथे फारसा मतभेद नाही. ती नेमकी कोणत्या भागापासून घसरली, याविषयी आहे. वरवर पाहता हा वाद हौशी आणि काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि प्रत्येक सुचवलेल्या तारखेमागे ‘कृती म्हणजे काय’ याविषयीचा एक अव्यक्त सिद्धान्त उभा असतो, आणि म्हणूनच हा वाद समीक्षेच्या दृष्टीने विचारार्ह ठरतो.

मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेले सिम्पसन कुटुंब १९८७ मध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमातील छोट्या चित्रफितींमधून प्रथम दिसले. १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर त्याची स्वतंत्र अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. अणुवीज केंद्रात काम करणारा आळशी होमर, त्याची पत्नी मार्ज, दहा वर्षांचा बार्ट, आठ वर्षांची लिसा आणि तान्ही मॅगी ही पात्रे स्प्रिंगफील्ड नावाच्या गावात राहतात आणि त्यांचे वय वाढत नाही. २९ एप्रिल २०१८ रोजी या मालिकेने ‘गनस्मोक’चा ६३५ भागांचा विक्रम मागे टाकला. एवढ्या विस्ताराच्या, अनेक हातांनी लिहिलेल्या आणि शेवट नसलेल्या संहितेला ‘कृती’ ही एकवचनी संज्ञा लावताच अडचणी सुरू होतात.

२

ऱ्हासाचा आरंभ म्हणून सर्वाधिक वेळा निर्दिष्ट केली जाणारी तारीख २८ सप्टेंबर १९९७ ही आहे. त्या दिवशी ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’ हा नवव्या पर्वातील भाग प्रक्षेपित झाला. शाळेचे मुख्याध्यापक सिमोर स्किनर हे वस्तुतः आर्मिन टॅमझेरियन नावाचे तोतये असून खरा स्किनर व्हिएतनाम युद्धातून आता परतला आहे, असे त्यात उघड होते. गावाला खरा स्किनर रुचत नाही. त्याला आगगाडीला बांधून गावाबाहेर पाठवले जाते, तोतयाला त्याचे नाव परत मिळते, आणि या प्रकरणाचा पुन्हा उच्चार करणाऱ्यास यातना दिल्या जातील असा हुकूम न्यायाधीश सुनावतो. ही तारीख पुढे करणाऱ्यांच्या मते पात्र म्हणजे त्याचा संचित पूर्वेतिहास होय. तो मोडला की पात्रही मोडते.

दुसरा पक्ष ६ फेब्रुवारी २००० च्या ‘सॅडलसोर गॅलॅक्टिका’ या भागाकडे बोट दाखवतो. शर्यतीचे घोडेस्वार हे प्रत्यक्षात भूमिगत राज्यात राहणारे बुटके यक्षसदृश प्राणी आहेत, असा शोध त्यात लागतो. या पक्षाच्या दृष्टीने मालिकेचा प्राण संभाव्यतेत होता. तिसरा पक्ष त्यानंतर एकाच आठवड्याने आलेल्या मॉड फ्लँडर्सच्या मृत्यूला सीमारेषा मानतो. चौथा पक्ष २७ जानेवारी २००८ पर्यंत पुढे येतो. १९९१ च्या ‘द वे वुई वॉज’ या भागात होमर व मार्ज यांची भेट १९७४ साली शाळेत झाली होती. ‘दॅट नाइन्टीज शो’ने मात्र त्यांचे विवाहपूर्व दिवस १९९० च्या दशकात नेऊन ठेवले. पात्रांचे वय गोठलेले आणि दिनदर्शिका पुढे सरकणारी असल्यामुळे हे गणिती दृष्ट्या अटळ होते. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा गणिताचा नव्हता; त्यांनी ज्या भूतकाळाशी भावनिक नाते जोडले होते तो परस्पर रद्द झाला, हा होता.

पात्र, संभाव्यता, भावना आणि काल या चार तत्त्वांपैकी ज्याला जे प्रधान वाटते, त्याच्या भंगाची तारीख तो ऱ्हासाची तारीख म्हणून सांगतो. तारीख हा येथे निष्कर्ष नसून गृहीतकच असते.

३

या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी सामान्यतः दोन सोपी स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले लेखककेंद्री आहे. तिसरे व चौथे पर्व अल जीन आणि माइक रीस यांनी, पाचवे व सहावे डेव्हिड मर्किन यांनी, तर सातवे व आठवे बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांनी सांभाळले. नवव्या पर्वापासून सूत्रे माइक स्कली यांच्याकडे आली आणि मालिका घसरली, असे हे स्पष्टीकरण सांगते. परंतु ज्या भागावर सर्वाधिक ठपका ठेवला जातो, तो केन कीलर यांनी लिहिलेला स्किनरविषयक भाग स्कली यांच्या कारकिर्दीत केवळ प्रक्षेपित झाला. त्याची निर्मिती ओकली आणि वाइनस्टाइन यांच्याच देखरेखीखाली झाली होती. सुवर्णयुगाच्या कर्त्यांनीच ऱ्हासाचा पहिला दगड रचला असेल, तर कर्ता बदलल्याने कृती बिघडली हे विधान अपुरे ठरते.

दुसरे स्पष्टीकरण प्रेक्षककेंद्री आहे. मालिका बदलली नाही, प्रेक्षक मोठा झाला. बालपणी पाहिलेले सर्वच सोन्याचे वाटते, असे ते म्हणते. याच्या बाजूने पुरावाही आहे. १४ जानेवारी १९९३ चा, कोनन ओब्रायन यांनी लिहिलेला ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ हा भाग आज मालिकेच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो. पण लिसाला आवाज देणाऱ्या यिअर्डली स्मिथ यांनीच १९९५ साली त्याची गणना सर्वांत वाईट भागांत केली होती. याउलट, चाहते घसरणीच्या तारखा मोजत असतानाच १९९९ च्या अखेरीस ‘टाइम’ साप्ताहिकाने या मालिकेला शतकातील सर्वश्रेष्ठ दूरचित्रवाणी मालिका ठरवले. मूल्यनिर्णय स्थिर नसतो हे यातून खचितच दिसते. तथापि स्मृतिरंजन हेच एकमेव कारण असते, तर प्रत्येक पिढीची सीमारेषा तिच्या तिच्या बालपणाच्या अखेरीस पडली असती. प्रत्यक्षात या वादातील बहुसंख्य तारखा १९९७ ते २००० या अल्प कालखंडातच दाटीवाटीने येतात. त्या काळात काहीतरी घडले. मात्र ते कर्त्याच्या नावातही सापडत नाही आणि प्रेक्षकाच्या वयातही नाही.

४

उंबेर्तो इको यांनी १९६२ साली सुपरमॅनच्या मिथकावर लिहिताना पुनरावर्ती कथेच्या कालरचनेचे विश्लेषण केले होते. अशा कथेत नायक कृती करतो, पण त्या कृतीने तो खर्ची पडत नाही. प्रत्येक कथा आधीच्या कथेच्या खुणा पुसून नव्याने सुरू होते, आणि त्यामुळे काल धूसर, स्वप्नवत होतो. ‘द सिम्पसन्स’ची बाह्य रचना या प्रकारचीच आहे. पुढल्या आठवड्यात होमर पुन्हा त्याच खुर्चीत असतो आणि बार्ट त्याच इयत्तेत. मात्र पहिल्या आठ पर्वांचे वैशिष्ट्य असे, की या विस्मरणशील चौकटीच्या आत परिणामांचे वजन राखले गेले होते.

७ नोव्हेंबर १९९१ च्या ‘लिसाज् पोनी’ या भागात मुलीचे प्रेम परत मिळवण्यासाठी होमर तिला तट्टू आणून देतो. त्याचा खर्च भागवण्यासाठी त्याला रात्रीच्या वेळी किराणा दुकानात दुसरी नोकरी धरावी लागते, आणि बापाची दमछाक पाहून लिसा स्वतःच तट्टू सोडते. २२ जानेवारी १९९५ च्या ‘अँड मॅगी मेक्स थ्री’मध्ये नावडती नोकरी सोडून आवडीच्या जागी गेलेला होमर तिसऱ्या मुलाची चाहूल लागल्यामुळे जुन्या मालकाच्या दारी परततो. येथून आता सुटका नाही, असे बजावणारी पाटी मालक त्याच्यासमोर लावतो. होमर त्या पाटीवर मॅगीची छायाचित्रे अशी चिकटवतो, की उरलेल्या अक्षरांतून ‘तिच्यासाठी कर’ असा अर्थ निघतो. येथे विनोद आणि करुण यांचा संयोग घडतो तो पैसा, श्रम आणि काल यांचे वजन खरे मानल्यामुळे. पुढल्या भागात कोणी या घटनेचा उल्लेख करो वा न करो, प्रेक्षकाने ती लक्षात ठेवावी, अशी संहितेचीच अपेक्षा असते. पात्रांना स्मृती नसते. ती प्रेक्षकाकडे ठेव म्हणून सोपवलेली असते. या अलिखित कराराला ‘स्मृतीचा करार’ म्हणता येईल.

या दृष्टीने ‘सॅडलसोर गॅलॅक्टिका’तील खरा आघात यक्षांचा नाही. त्याच भागात सिम्पसन कुटुंब पुन्हा घोडा घरी आणते, तेव्हा कॉमिक पुस्तकांचा दुकानदार मध्येच येऊन या कुटुंबाकडे पूर्वी तट्टू होते आणि त्यापायी होमरला दुकानात राबावे लागले होते याची आठवण करून देतो. याच्या मताची कोणाला पर्वा आहे काय, असे होमर विचारतो आणि जमलेले सर्वजण एकमुखाने नकार देतात. ठेव परत मागायला आलेल्या ठेवीदाराला पेढीनेच वेड्यात काढावे, तसा हा प्रसंग आहे. स्किनरविषयक भागातील न्यायाधीशाचा हुकूमही याच जातीचा. तेथे विस्मरण ही केवळ रचनेची सोय राहत नाही, तो कायदा होतो.

मॉडच्या मृत्यूचे उदाहरण हाच मुद्दा उलट्या बाजूने स्पष्ट करते. तिला आवाज देणारी अभिनेत्री मानधनाच्या वादातून बाहेर पडल्यानंतर हे पात्र मारण्यात आले, आणि मालिकेच्या चौकटीत हा दुर्मिळ असा कायमचा बदल होता. क्रीडागारात तोफेतून उडवलेल्या कपड्यांच्या माऱ्याने ती सज्जावरून कोसळते. ऐन वेळी वाकल्यामुळे होमर वाचलेला असतो. नोंद कायम राहते, पण वजन नाहीसे होते. सातत्य आणि परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि चाहत्यांची तक्रार, ती कितीही सातत्याच्या भाषेत मांडलेली असली, तरी मूलतः परिणामाविषयीची आहे.

५

या करारभंगाची जाणीव मालिकेच्या कर्त्यांना नव्हती असे नव्हे. ९ फेब्रुवारी १९९७ रोजी, म्हणजे ऱ्हासाच्या सर्वमान्य तारखेच्या साडेसात महिने आधी, मालिकेने ‘द फ्लिंटस्टोन्स’ची भागसंख्या ओलांडली. ‘द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ या त्या भागात मालिकेतल्या मालिकेला ताजेपणा आणण्यासाठी पूची नावाचे कुत्रे आणले जाते आणि प्रेक्षक त्याला झिडकारतात. आजवरचा सर्वांत वाईट भाग, हा दुकानदाराचा सुप्रसिद्ध शेरा याच भागातला. आपण निष्ठावंत प्रेक्षक असल्यामुळे निर्माते आपले ऋणी आहेत, असा त्याचा दावा असतो. त्यांनी हजारो तास फुकट करमणूक केली, मग ऋण असलेच तर तुमच्याकडे, असा बार्टचा प्रतिवाद असतो.

बार्टचे उत्तर बिनतोड वाटते, कारण त्यात व्यवहाराचे परिमाण तास आणि पैसा हे धरले आहे. परंतु प्रेक्षकाने दिलेली गोष्ट वेळ नव्हती, स्मृती होती. पूचीचा भाग हे ऋण नाकारतो. तरीही तो उत्कृष्ट ठरतो, कारण नाकारताना तो वाद ऐकून घेतो आणि दोन्ही बाजूंना बोलू देतो. ४ मे १९९७ च्या ‘होमर्स एनिमी’त याच वादाला शोकात्म रूप मिळते. आयुष्यभर कष्ट उपसलेला फ्रँक ग्राइम्स हा परिणामांच्या जगातून आलेला माणूस आहे. कृतींचे परिणाम ज्याला स्पर्शतच नाहीत असा होमर पाहून तो भ्रमिष्ट होतो आणि मरतो. त्याच्या दफनविधीत झोपेत बरळणाऱ्या होमरला सारे गाव हसते. मालिकेने येथे आपल्या चौकटीची किंमत स्वतःच मोजून दाखवली. तीन वर्षांनी घोड्याच्या भागात हेच हास्य उरले, मोजमाप मात्र गेले.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ‘मोनोरेल’चा भागही अतिशयोक्त आणि असंभाव्य होता. तो होताच, पण त्यातली अतिशयोक्ती एका गावाच्या सामूहिक मोहातून उपजते. दंडापोटी मिळालेले तीस लाख डॉलर कसे उडवावेत हे भामट्याच्या गाण्यावर ठरवणारा समूह आणि त्याला अडवू न शकणारी मार्ज, यांतून ती वाढत जाते. रसभंगाचे कारण अनौचित्य असते, अतिशयोक्ती नव्हे, हा आनंदवर्धन–क्षेमेंद्रांचा विवेक येथे उपयोगी पडतो. यक्षांचे राज्य अनुचित आहे ते अद्भुत असल्यामुळे नव्हे, तर कोणाच्याही मोहाशी, भीतीशी वा कष्टाशी त्याचा संबंध नसल्यामुळे.

दुसरा आक्षेप असा, की सीमारेषेनंतरही उत्तम भाग झाले. ते खरे आहे. १६ डिसेंबर २००७ च्या ‘इटर्नल मूनशाइन ऑफ द सिम्पसन माइंड’ला एमी पुरस्कार मिळाला, त्याचा विषय होमरची हरवलेली आठवण हा आहे. १३ डिसेंबर २०१५ चा ‘बार्टहुड’ बार्टला बालपणापासून तारुण्यापर्यंत वाढू देतो. हे दोन्ही भाग काल आणि स्मृती यांना पुन्हा वजन देतात, आणि म्हणून ते अपवाद नसून नियमाचे समर्थन ठरतात. करार एकदा मोडला म्हणजे कायमचा मोडला असे नाही. प्रत्येक भागात तो नव्याने पाळता किंवा मोडता येतो.

यावरून ‘ऱ्हास’ या संज्ञेचाच फेरविचार करावा लागतो. सजीवाच्या रूपकात ऱ्हास हा एका दिशेने जाणारा, अपरिवर्तनीय आणि कृतीच्या अंगी असलेला गुण असतो. ‘द सिम्पसन्स’विषयीच्या वादातून दिसणारा ऱ्हास मात्र संबंधात्म आहे. संहिता आपल्या ग्राहकाकडे जे सोपवते आणि पुढे त्याचे जे करते, त्या दोहोंमधील अंतरात तो घडतो. तो व्यक्तिनिष्ठ नाही, कारण ते अंतर संहितेत दाखवता येते. आणि तो वस्तुनिष्ठ तारखेत मावत नाही, कारण प्रत्येक ग्राहकाने आपल्यापाशी वेगळी ठेव ठेवलेली असते. ज्याने मुख्याध्यापकाचा पूर्वेतिहास जपला त्याची तारीख १९९७ असते, ज्याने १९७४ ची भेट जपली त्याची २००८. या वादाचा निकाल लागणे शक्य नाही, आणि लागण्याची आवश्यकताही नाही. प्रेक्षकाने काय जपून ठेवले होते, याची ती नोंदवही आहे. प्रदीर्घ कादंबरीमाला किंवा एखाद्या लेखकाचा उत्तरकाल यांविषयी ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असा शेरा मारणाऱ्या समीक्षेलाही तोच हिशेब द्यावा लागेल: घसरण कधी झाली याआधी, आपल्याकडे काय सोपवले गेले होते हे तिने सांगितले पाहिजे.