शब्द हरवलेल्यास प्रश्न

मेंदूंत गांठ झालेल्या प्रौढ रुग्णाचें जीवन कितपत सुसह्य आहे, हें जाणण्यासाठीं युरोपांतील कर्करोग-संशोधकांनीं दोन प्रश्नावल्या रचल्या: सर्व कर्करोग्यांकरितां ३० प्रश्नांची (१९९३) व तिला पूरक, केवळ या गांठीपुरती, २० प्रश्नांची (१९९६). दुसरीचें हिंदी रूप मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत पारखलें गेलें. तिच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. भाषा निरलंकार, पण दृष्टि मार्मिक आहे. डोकेदुखी व आंकडी यांबरोबरच पुढील काळाची अनिश्चितता आणि ऐन वेळीं न सांपडणारा शब्द यांविषयींही ती विचारते. आणि विचारते तें खुद्द रुग्णास. आपल्याकडे डॉक्टरांपुढें बहुधा आप्तच रुग्णाच्या वतीनें बोलतात. म्हणून हा गुण आम्ही थोर मानतों.

तथापि एक उणीव राहिलीच. आजारानें कुटुंबांत व्यत्यय आला काय, हें पहिली प्रश्नावली विचारते. परंतु हिंगोलीकडील एखाद्या शेतकऱ्याची व्यथा निराळी असूं शकेल: हळदीच्या लागवडीपूर्वीं घरचीं माणसें आतां त्याचा सल्ला घेतात काय? व्यत्यय रोगाचा, ही उपेक्षा मात्र आपली. तो प्रश्न या दोहोंत नाहीं. तो आपणच त्याच्या उशाशीं बसून विचारला पाहिजे, आणि शब्द सांपडेपर्यंत थांबलें पाहिजे.