"शुगर अकराशे होती आणि पेशंट चालत आला!": टोकाच्या रीडिंगचे किस्से कसे वाचायचे

नर्सिंगमधल्या कुणाशी थोडी ओळख झाली, की हे किस्से तुमच्या कानावर येतातच. रात्रपाळीत चहाच्या वेळी एक सिस्टर म्हणते, "माझ्या पेशंटची शुगर अकराशे होती." लगेच दुसरी म्हणते, "माझ्याकडे एचबी दोन असलेली बाई स्वतःच्या पायांनी चालत आली होती." तिसरीने तीनशेच्या वरचं बीपी पाहिलेलं असतं, चौथीने अडतीस टक्के ऑक्सिजन. शेवट मात्र सगळ्यांचा एकच: "आणि पेशंट माझ्याशी चक्क गप्पा मारत होता!"

मला हे किस्से मनापासून आवडतात. पण आरोग्यविज्ञानात पीएचडी करायचा विचार करणारे अनेक जण आपल्या प्रपोजलची सुरुवात अशाच एखाद्या आकड्याने करतात, आणि गाईड पहिल्याच पानावर लाल रेघ मारतात. का मारतात? त्यासाठी या किस्स्यांकडे आज जरा साहित्याचा एक प्रकार म्हणून बघू या. त्यात काय असतं आणि काय गाळलेलं असतं?

आधी त्यांची जमेची बाजू. आकडा आणि पेशंटचा चेहरा एकाच क्षणी पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते. डॉक्टरांना आकडा फाईलमध्ये दिसतो, संशोधकाला तर तो एक्सेलमध्येच भेटतो. "आकडा असा, पण माणूस तसा नव्हता" ही विसंगती किस्स्याचा खरा ऐवज आहे, आणि ती फाईलमध्ये क्वचितच उतरते. म्हणून या गोष्टी "ऐकीव" म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण किस्सा सांगताना पहिली गळते ती मशीन. बीपीचंच घ्या. पाऱ्याच्या उपकरणावरची पट्टी ३०० ला संपते. म्हणजे "तीनशेच्या वर" हा पेशंटचा आकडा नाही, पट्टीचा शेवट आहे. बऱ्याच ग्लुकोमीटरवर ६०० च्या पुढे आकडा येतच नाही, नुसतं "हाय" उमटतं. अकराशे हा आकडा लॅबमधून आलेला असणार. संख्याशास्त्रात अशा डेटाला "सेन्सॉर्ड" म्हणतात: खरी किंमत इतक्याच्या पलीकडे आहे एवढंच कळतं, किती पलीकडे ते नाही. अशा "हाय"च्या जागी ६०० लिहून सरासरी काढली, तर ती सरासरी चुकलीच म्हणून समजा.

मग खरा रक्तदाब किती वर जाऊ शकतो? १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच बॉडीबिल्डर घेतले, त्यांच्या दंडातल्या धमनीत नळी घातली आणि वजन उचलताना थेट आतला दाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० आली, एकाचा दाब तर ४८०/३५० च्या वर गेला. तंदुरुस्त माणसांचा, काही क्षणांपुरता. वॉर्डातला कुठलाही किस्सा याच्या जवळ जात नाही. तरी हा पेपर "बघा केवढा आकडा" असं म्हणत नाही. कशाने मोजलं, कुठे मोजलं, त्या वेळी स्नायू काय करत होते, हे आधी येतं. आकडा त्यानंतर.

ऑक्सिजनच्या किस्स्यात गोष्ट आणखी अवघड होते. पल्स ऑक्सिमीटर बनवताना निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांशी मशीनचं रीडिंग जुळवतात. हे साधारण ७० टक्क्यांपर्यंतच करतात, कारण त्याखाली कुणाला नेणं धोक्याचं. म्हणजे ७० च्या खालचं रीडिंग हा मशीनने पुढे ओढलेल्या रेषेवरचा अंदाज असतो. "अडतीस"मधल्या आठला फारसा अर्थ नाही. त्यात बोटं गार असतील, प्रोब सैल असेल, तर तीसलाही नाही.

इतकं कमी ऑक्सिजन असताना माणूस शुद्धीत राहूच शकत नाही, असंही समजू नका. २००७ च्या एका मोहिमेत एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर चार गिर्यारोहकांच्या मांडीतल्या धमनीतून रक्त घेतलं गेलं, ते शेर्पाच्या हाती खालच्या कॅम्पवर पाठवून तपासलं गेलं, आणि २००९ मध्ये पेपर आला. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिमी, सर्वांत कमी १९.१. समुद्रसपाटीला तो ८० ते १०० असतो. ही माणसं चालत होती, एकमेकांचं रक्तही काढत होती. पण ती तिथवर पोचली होती आठवडे घालवून, टप्प्याटप्प्याने. तुम्हाला किंवा मला विमानातून थेट तिथे सोडलं, तर काही मिनिटांत शुद्ध जाईल.

किस्स्यातून गळणारी दुसरी गोष्ट हीच: वेळ. "एचबी दोन"च्या बाईचंच बघा. ती चालत आली, कारण तिचं हिमोग्लोबिन अनेक महिने हळूहळू उतरत होतं. हृदय जास्त रक्त फेकायला लागलं, लाल पेशी पेशीजालाला ऑक्सिजन अधिक सहज सोडायला लागल्या, ती जिना टाळायला शिकली. प्रसूतीत अचानक रक्तस्राव होऊन एचबी चारवर आलेली बाई असं चालू शकणार नाही. आणि "चालत आली" हे ऐकून आपण तिच्या चिवटपणाचं कौतुक करतो तेव्हा एक प्रश्न बाजूला पडतो: एवढे महिने तिचं रक्त कुणी तपासलंच कसं नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. किस्सा या बाईला अजब ठरवतो. सर्वेक्षणात ती त्याच रांगेत बरीच मागे उभी असलेली दिसते. प्रपोजल कुठून सुरू करायचं, ते या दोन चित्रांमध्ये शोधा.

तिसरं, वाचलेले आणि न वाचलेले. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेली एक तरुण डॉक्टर १३.७ अंश सेल्सिअस तापमानाला, हृदय थांबलेल्या अवस्थेत ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात आणली गेली आणि वाचली. पुढच्या वर्षी "लॅन्सेट"मध्ये तिच्यावर पेपर आला. तोही एका अर्थी टोकाच्या रीडिंगचा किस्साच, फक्त चांगल्या जर्नलमध्ये छापलेला. ती वाचली म्हणून छापला गेला.

पण तिथल्या लोकांनी पुढे जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. २०१४ मध्ये त्यांनी १९८५ ते २०१३ मधले, थंडीने हृदय थांबलेले असे सगळे ३४ रुग्ण मांडले. १९९९ च्या आधीचा एकही वाचला नव्हता. १९९९ पासूनच्या २४ पैकी ९ वाचले. एका बाईच्या चमत्काराला आता छेद मिळाला: कितींपैकी किती. "इतक्या गार माणसावर तासन्‌तास प्रयत्न करायचे का?" या प्रश्नाला १३.७ हा आकडा उत्तर देऊ शकत नव्हता. २४ पैकी ९ देऊ शकतो, अपुरं का होईना.

आता माझी या किस्स्यांवरची सगळ्यात मोठी तक्रार. ते आपलं लक्ष टोकाकडे ओढतात, आणि धोका पुष्कळदा मधल्या, कंटाळवाण्या आकड्यात असतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं खरं प्रमाण ८८ च्या खाली आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के वेळा. "माझ्या पेशंटचं त्र्याण्णव होतं" हा किस्सा चहाच्या वेळी कोण सांगेल? अडतीस दिसलं की सगळे धावतात. त्र्याण्णववर कुणी मान वर करत नाही.

तेव्हा वॉर्डात जाऊन असे किस्से जरूर गोळा करा, पण "सगळ्यात जास्त किती पाहिलंत?" असं विचारू नका, त्याने चढाओढ सुरू होते. विचारा, "आकडा बघितल्यावर पहिल्यांदा काय केलंत?" बहुतेक सिस्टर सांगतील, प्रोब बदलला, दुसऱ्या बोटाला लावला, दुसऱ्या हातातून रक्त घेतलं. पोटॅशियम भलतंच जास्त आणि त्याच रिपोर्टमध्ये कॅल्शियम भलतंच कमी दिसलं, तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं औषध नमुन्यात मिसळलं असणार, हे अनुभवी सिस्टर रिपोर्ट हातात आल्याआल्या ओळखते. ती नमुना परत पाठवते आणि पहिला आकडा खोडला जातो. तो खोडलेला आकडा, दुसरं रीडिंग आणि दोन्हींमधली वेळ तुमच्या वहीत उतरवून घ्या. जी रीडिंग दुसऱ्यांदा घेतल्यावर साधीच निघाली, तीही विचारून घ्या. ती कुणी आपणहून सांगत नाही.