देऊळगाव राजाची वाट आणि पॅरिसची बैठक

मंडळी, आज दोन पुस्तकांविषयी बोलायचं आहे. पहिलं कन्हैयालाल मुन्शींचं ‘द एंड ऑफ अ‍ॅन एरा’, १९५७ चं. दुसरं मीर लायक अलींचं ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’, १९६२ मध्ये कराचीहून निघालेलं. मुन्शी १९४८ मध्ये हैदराबादेत भारत सरकारचे एजंट-जनरल होते, आणि लायक अली निजामाचे अखेरचे पंतप्रधान. दोन्ही पुस्तकं म्हणजे कोर्टातली कैफियतच. त्यामुळे वाचणारा न्यायाधीश होऊन बसतो : खरं कोण, खोटं कोण? माझी तक्रार वेगळी आहे आणि ती दोघांविरुद्ध आहे.

आधी नकाशा नीट समजून घ्या. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. आपण औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात होतो. इथून थोडं पुढं गेलं की देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. ते बुलढाण्यात, म्हणजे वऱ्हाडात. आता गंमत बघा, वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच! १८५३ च्या तहानं कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये कर्झननं कायमचा पट्टा लिहून घेतला, तरी मालकीचं नाव निजामाचंच राहिलं. माणसांच्या लेखी तर ही हद्द फारशी नव्हतीच. लेकी इकडून तिकडं दिलेल्या, बाजार एकमेकांचे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर त्याच वाटेवर दोन सत्ता समोरासमोर उभ्या राहिल्या. २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला, पण खेड्यांत जैसे थे काहीच राहिलं नाही.

रझाकारांच्या धाकानं हिंदू कुटुंबं गावं सोडून वऱ्हाडात, नगरकडं, सोलापूरकडं निघाली. हे आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्याच महिन्यांत वऱ्हाडातून, मध्यप्रांतातून भेदरलेली मुसलमान कुटुंबं उलट दिशेनं निजामाच्या राज्यात येत होती. फाळणीच्या बातम्या त्यांनीही ऐकल्या होत्या. हद्द एकच, आणि तीवरून दोन्हीकडून गाठोडी घेऊन माणसं चाललेली.

आता बघा, या माणसांचं पुढं काय होतं. भारताच्या बाजूच्या मांडणीत हैदराबादेतून बाहेर पडणारा हा जुलमाचा पुरावा ठरतो, आणि आत येणारा हा लोकसंख्येचं प्रमाण बदलण्याच्या कटाचा पुरावा. निजामाच्या बाजूच्या मांडणीत आत येणारा मुसलमान भारतात सुरक्षित नाही याचा पुरावा, आणि बाहेर गेलेला हा सरहद्दीवरून हल्ले करणाऱ्यांच्या कॅम्पातला. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प होते आणि त्यांत हत्यारंही होती. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली ती याच लढ्यासाठी. पण निर्वासितांची छावणी आणि लढणाऱ्यांचा कॅम्प या दोन गोष्टी आहेत. दोन्हींना एकच नाव दिलं की लेकरू कडेवर घेतलेली बाईसुद्धा सैनिक ठरते.

कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. त्यातला ‘केवळ’ हा शब्द विद्यार्थी परीक्षेत हमखास गाळायचे. राजकारणात माणूस साधन होणारच, ते टळत नाही. दोष आहे तो इतकाच, की या पुस्तकांत तो दुसरं काही होतच नाही. तो घर सोडायचं कधी ठरवतो, म्हशी कुणाकडं ठेवतो, परत येतो का? पाना-पानांवर संस्थानाचं भवितव्य आहे, म्हशीचं कुठं नाही.

हाच पुरावा मग वर चढत जातो. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली : नाकेबंदी, धाकदपटशा, आक्रमणाची धमकी. १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य आत शिरलं. जालन्याकडं चांगला प्रतिकार झाला. १६ तारखेला पॅरिसला परिषद बसली. विषय घ्यायचा का, यावर आठ मतं बाजूनं पडली. विरोधात एकही नाही, पण सोव्हिएत रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ. दुसऱ्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली, २२ ला तक्रारही मागं घेतली.

तारखा लक्षात ठेवा, कारण तेव्हा बर्लिनची कोंडी चालू होती. २४ जूनपासून रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या होत्या. हैदराबादनंतर काही आठवड्यांतच तो प्रश्न त्याच परिषदेपुढं आला, आणि २५ ऑक्टोबरला रशियानं नकाराधिकार वापरला. पुढं १९४९ ते १९६१ मध्ये सुमारे २७ लाख माणसं पूर्व जर्मनी सोडून गेली. पश्चिमेनं म्हटलं, बघा, स्वातंत्र्याला कौल! पूर्वेनं म्हटलं, फूस लावून पळवलेले! १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहू लागली. आपल्या दोन पुस्तकांचीच पद्धत ही, फक्त इथं सही महासत्तांची.

मुन्शींविरुद्ध माझी एक जास्तीची तक्रार आहे. १७ सप्टेंबरनंतर तिसरं स्थलांतर झालं. खेड्यांतला मुसलमान मार खाऊन शहराकडं पळाला, कुणी हैदराबादला, कुणी पाकिस्तानात. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा केला. सावधपणे धरला तरी मृतांचा आकडा २७ ते ४० हजार, असं त्यांनी लिहिलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड इथं सर्वांत जास्त. त्यांच्या मागोमाग आपला औरंगाबाद जिल्हा, बीडसह. तो अहवाल सरकारनं दाबून ठेवला. नूराणींनी २०१३ च्या पुस्तकात तो समग्र छापला. मुन्शींनी लेखणी हातात घेतली तेव्हा ही पळापळ काही वर्षांपूर्वीचीच होती. एका युगाचा अंत लिहायला निघालेल्या माणसाला ती ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. आणि आपल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांतही ती अजून येत नाही. रझाकारांचं नाव घेताना आपला आवाज कमी होत नाही, मग हे सांगताना का व्हावा?

पुढच्या वेळी स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी घेऊ. १९४८ चा बराच काळ स्वामीजी तुरुंगात होते. तेव्हा सरहद्दीवरच्या माणसांविषयी त्यांनी काय लिहिलं आणि कुणाच्या तोंडून ऐकून लिहिलं, एवढं बघत वाचून या.