स्ट्रिंग क्वार्टेटचे ध्वनिमुद्रण : स्टिरिओ आणि सराउंड

पाश्चात्य अभिजात संगीतात ज्याला चेंबर म्यूझिक म्हणतात, ते मूलतः दालनातले संगीत होय. वाद्यवृंदात एकच स्वरावली अनेक वादक मिळून वाजवितात. येथे प्रत्येक वादकाची स्वरावली स्वतंत्र असते. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांचा स्ट्रिंग क्वार्टेट हे या प्रकाराचे सर्वांत निर्भेळ रूप. त्याचे ध्वनिमुद्रण स्टिरिओ असावे, की श्रोत्याला चोहोंकडून वेढणारे सराउंड असावे, हा वाद वरवर पाहता यंत्राचा वाटतो. परंतु श्रोत्याने या चौघांशी कोणत्या नात्याने बसावे, त्यांच्या समोर की त्यांच्या मधोमध, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. आणि तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

प्रथम इतिहासातील काही गोष्टी लक्षात घेणे अवश्य आहे. इंग्लंडमधील ई. एम. आय. कंपनीचे अभियंते अॅलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी डिसेंबर १९३१ मध्ये अर्ज केला. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अॅबी रोड येथे बीचम यांच्या संचालनाखाली मोट्सार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीचे प्रायोगिक मुद्रणही झाले. तथापि स्टिरिओ तबकड्या बाजारात रूढ व्हावयास १९५८ साल उजाडले. १९७० नंतरच्या दशकात चार वाहिन्यांच्या क्वाड्राफोनिक तबकड्या आल्या. पण एकमेकींशी न जुळणाऱ्या अनेक पद्धतींच्या स्पर्धेत त्या दशकाअखेर मागे पडल्या. पुढे १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली आणि पाच वाहिन्यांचे मुद्रण अभिजात संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. या मांडणीत तीन लाउडस्पीकर श्रोत्याच्या पुढे असतात, व उरलेले दोन त्याच्या बाजूंना, कानांच्या रेषेच्या किंचित मागे.

स्टिरिओने क्वार्टेटवर केलेले उपकार थोडे नाहीत. दोन लाउडस्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधला, की समोरच्या सुमारे ६० अंशांच्या पट्ट्यात चारही वाद्ये आपापल्या जागी उभी राहतात. याचा खरा लाभ पहिल्या व्हायोलिनला होत नाही. ते कसेही ऐकू येतेच. लाभ होतो तो दुसऱ्या व्हायोलिनला आणि व्हिओलाला. स्वराची उंची आणि पोत यांत शेजारी असलेले हे दोन आवाज मोनो मुद्रणात एकमेकांत विरून जातात. स्टिरिओत त्यांच्यात दोन हातांचे अंतर पडते, आणि तेवढ्याने क्वार्टेट हे साथसंगतीसह व्हायोलिनवादन नसून चौघांचा व्यवहार आहे, ही गोष्ट कानाला पटते.

परंतु स्टिरिओत एक उणीव आहे, आणि ती मूलगामी आहे. प्रत्यक्ष दालनात वाद्याचा स्वर समोरून येतो, तर भिंतींवरून परतलेले त्याचे पडसाद बाजूंनी येतात. बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्या या आरंभीच्या परावर्तनांमुळेच श्रोत्याला आपण संगीताच्या आत आहोत असे वाटते, हे मायकेल बॅरन यांच्या १९७१ च्या संशोधनाने दाखविले. स्टिरिओमध्ये मात्र स्वर आणि पडसाद दोन्ही त्याच ६० अंशांतून येतात. त्यामुळे मुद्रकापुढे एक पेच उभा राहतो : दालनाचा पडसाद पुरेसा घेतला तर स्वरावली धूसर होतात, त्या स्पष्ट ठेवण्यासाठी मायक्रोफोन जवळ नेला तर गजाचे घर्षण आणि वादकाचा श्वास नको तितका पुढे येतो. अनेक क्वार्टेट-मुद्रणांतील व्हायोलिनचा जो कोरडा, टोकदार स्वर वादकाच्या माथी मारला जातो, त्याचा दोष पुष्कळदा या पेचाकडे जातो.

सराउंडचे समर्थन येथून सुरू होते, आणि येथवर ते निरुत्तर करणारे आहे. वादक समोर ठेवावेत आणि बाजूच्या वाहिन्यांना केवळ दालनाचा पडसाद द्यावा, ही त्यातील संयमी रीत. हायडनच्या ऑपस ३३ मधील दुसऱ्या क्वार्टेटचा (१७८१) शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथे मुख्य सुरावटीचे तुकडे करून त्यांच्यामध्ये विराम पेरले आहेत. रचना संपली की नाही हे श्रोत्याला कळू नये, हा त्यातील विनोद. ही थट्टा विरामांवर उभी आहे, आणि विरामात ऐकू येते ते केवळ दालन. स्टिरिओत विरामाचा ध्वनी वादकांच्याच जागी मावळतो. संयमी सराउंडमध्ये तो श्रोत्याच्या बाजूंनी ओसरत जातो, आणि वाट पाहणाऱ्या श्रोतृवर्गात आपणही बसलो आहोत असा प्रत्यय येतो.

दुसरी रीत याहून धाडसी आहे. जर्मनीतील टॅसेट ही संस्था आपल्या सराउंड मुद्रणांत वादकांना श्रोत्याच्या भोवती बसविते. नॉर्वेतील टू-एल ही संस्था चर्चमध्ये मायक्रोफोन मध्ये ठेवून वादकांचे कडे करते. या रीतीला इतिहासाचा आधार देता येतो. क्वार्टेट हे आरंभी वाजविणाऱ्यांच्याच आनंदाचे संगीत होते : १७८४ मध्ये व्हिएन्नात हायडन, डिटर्सडोर्फ, मोट्सार्ट आणि व्हानहाल हे चार संगीतकार एका घरी क्वार्टेट वाजविण्यास बसल्याची आठवण मायकेल केली या गायकाने नोंदविली आहे. गटेनेही क्वार्टेटला चार सुज्ञ माणसांच्या संभाषणाची उपमा दिली. मग श्रोत्याला या संभाषणाच्या मध्यभागी का नेऊ नये?

या युक्तिवादात एक चूक दडली आहे. वादकांपैकी कोणीही मध्यभागी बसत नाही. व्हिओलावादकाला चेलो जवळ आणि पहिले व्हायोलिन दूर ऐकू येते. प्रत्येकाला आपल्या खुर्चीवरून विषम, पण जिवंत असे काही ऐकू येते. चौघांपासून समान अंतरावर पाचवी खुर्ची कोणत्याही दालनात नव्हती. शिवाय गटेच्या उपमेत ऐकणारा संभाषणाच्या बाहेरच आहे. चौघे बोलतात आणि तो ऐकतो. त्याला मध्ये बसविले तर चौघे परस्परांशी न बोलता त्याच्याशी बोलू लागतील.

कानाची घडणही या रीतीला अनुकूल नाही. समोरच्या ध्वनीची दिशा माणूस एखाद-दुसऱ्या अंशापर्यंत ओळखतो. बाजूला ही सूक्ष्मता फार उणावते. दोन लाउडस्पीकरांच्या मधोमध भासणारे वाद्य समोर स्थिर राहते, तर बाजूला ते डळमळते, असे टाइले आणि प्लेंगे यांनी १९७७ मध्ये दाखविले. म्हणजे चौघांना भोवती बसविल्याने चौघे समान होत नाहीत; पुढचे दोघे स्पष्ट आणि मागचे दोघे संदिग्ध, अशी नवी विषमता जन्मास येते. मोट्सार्टच्या ‘डिसोनन्स’ क्वार्टेटच्या (१७८५) प्रारंभी चेलोच्या संथ ठोक्यांवर व्हिओला ए-फ्लॅट धरते, आणि ती तो सोडते न सोडते तोच पहिले व्हायोलिन शुद्ध ए लावते. हा विसंवाद दोन स्वर एकाच ओघात ऐकणाऱ्या कानाला बोचतो. व्हिओला पाठीमागे आणि व्हायोलिन पुढे असले, तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यासारखे होते. आणि ज्या खटक्यासाठी हा प्रारंभ लिहिला गेला, तोच बोथट होतो.

उलट बाजूने एक पुरावा स्टिरिओच्याही अभिमानाला आळा घालतो. बुश क्वार्टेटने १९३० नंतरच्या दशकात केलेली बेटहोव्हेनची मुद्रणे मोनो आहेत, तबकडीची खरखर त्यांत आहे, दालन जवळजवळ नाही. तरीही चौघांचा एक श्वास त्यांत ऐकू येतो. अवकाश हा क्वार्टेटचा प्राण नव्हे, ही गोष्ट त्यावरून मान्य करावी लागते. अवकाशाने फार तर त्या श्वासाच्या आड येऊ नये.

आणखी एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. शंभर वादकांचा वृंद कोणाच्याही घरात मावत नाही. त्याच्यासाठी श्रोत्यालाच सभागृहात नेणे भाग आहे, आणि तेथे सराउंडचा दावा बळकट ठरतो. चार वादक मात्र घरात मावतात. जवळून घेतलेले चांगले स्टिरिओ मुद्रण दालनाला घरी आणीत नाही. ते वादकांना घरी आणते, आणि घराच्या भिंती त्यांना आपला पडसाद देतात. चेंबर म्यूझिकच्या मूळ स्वरूपाशी हे विसंगत नाही.

२०२१ पासून इंटरनेटवरील मोठ्या संगीतसेवांनी वेढणारे मुद्रण हेडफोनवरही उपलब्ध केले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता थोड्या हौशी श्रोत्यांपुरता राहिलेला नाही. अशा वेळी वाहिन्यांची संख्या मोजणे हा निकष अपुरा ठरतो. वादक समोर आणि एकत्र ठेवून बाजूंनी दालन देणारे सराउंड हे स्टिरिओचेच पूर्णत्व होय, आणि ते स्वागतार्ह आहे. श्रोत्याला मध्यभागी बसवून चौघांना पांगविणारे सराउंड अभ्यासकाला एकेक स्वरावली उलगडून दाखवील. पण स्वरावली उलगडणे म्हणजे क्वार्टेट ऐकणे नव्हे. तो ऐकावयाचा, तर चौघांमधली जागा चौघांनाच सोडली पाहिजे.