एका दिग्दर्शकाचे दोन चित्रपट

चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) हे दोन्ही चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविले गेले; पहिल्यास राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळही लाभले. जाणकारांनी दोहोंची वाखाणणी केली. अधूनमधून चित्रपट पाहणाऱ्या प्रस्तुत लेखकास मात्र पहिला मनापासून आवडला, दुसरा नाही.

‘कोर्ट’मधील वृद्ध शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे तो असा, की त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला तारखांमागून तारखा घेत रेंगाळतो. दिग्दर्शक स्वतः काही बोलत नाही. न्यायालयाचे काम आटोपले की तो वकिलांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो, इतकेच. सरकारी वकीलबाई घरी येऊन सर्वांचा स्वयंपाक करतात, कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर एका परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढले जाते आणि प्रेक्षागृह टाळ्या वाजविते. बाई खलनायिका नाहीत, आपल्यातल्याच कोणी वाटतात; म्हणूनच ते दृश्य बोचते. बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपणांस तर ते अधिकच बोचावे, कारण येथे परप्रांतातून आलेले ते आपणच. शाहिरांची बाजू लढविणारे वकील व्होरा गुजराती आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

‘द डिसायपल’चा विषय वास्तविक आपल्या अधिक जवळचा. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजविली, हे ज्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते, त्यांना शरद नेरुळकरची साधना परकी नाही. आदित्य मोडक यांनी ती भूमिका प्रामाणिकपणे केली आहे. तथापि रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून शरद दुचाकीने संथपणे जातो आणि माईंची त्याग व शुद्धतेवरील प्रवचने कानी पडत राहतात, हे पुनःपुन्हा घडते. सुमित्रा भावे यांचा आवाज भारदस्त आहे, आणि पुढे कथेत त्या उपदेशालाही तडा जातो, हे खरे. पण तोवर प्रेक्षक शिणतो. जे ‘कोर्ट’ने आपल्यावर सोपविले, ते येथे आपणांस सांगितले जाते. आजारी गुरुजींचे अंग रगडणारा शरद एका दृश्यात दिसतो. गुरू-शिष्य नात्याविषयी तेवढे दृश्य पुरेसे होते.

आपल्या संस्थेने ‘कोर्ट’ सभासदांना अवश्य दाखवावा, आणि नंतरच्या चर्चेत त्या टाळ्यांचा विषय टाळू नये.